बेळगाव–बंगळूर: सांबऱ्याचे विमान, वंदे भारत की रात्रीची गाडी?

सांबरा (बेळगावचा विमानतळ) ते देवनहळ्ळी (बंगळूरचा विमानतळ) हे हवाई अंतर सुमारे 445 किलोमीटर. रेल्वे मात्र हुबळी, दावणगेरे, तुमकूर करत सहाशेच्या पुढे जाते. विमानाच्या तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास वेळ दिसतो, तरी हिशेब घराच्या उंबऱ्यापासून मांडायचा.

बेळगाव शहरातून सांबरा दहा-अकरा किलोमीटर, म्हणजे रिक्षाने अर्धा तास. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा दीड तास आधी पोचलेले बरे. या मार्गावरच्या एटीआरचा (पंख्याच्या छोट्या विमानाचा) वेग ताशी पाचशेच्या आसपास. हवेत तास जातो, उरलेला वेळ धावपट्टीकडे ये-जा करण्यात. बॅग पट्ट्यावर यायला वीस मिनिटे. त्यानंतर मॅजेस्टिक, म्हणजे शहरातला मुख्य बसस्टँड, पस्तीस किलोमीटर. विमानतळाची वायुवज्र बस स्वस्त, पण सकाळ-संध्याकाळ हेब्बाळच्या फ्लायओव्हरपाशी अडकली की दीड तास धरा. सगळे मिळून पाच तास.

वंदे भारत पहाटे बेळगावहून सुटते आणि साडेआठ तासांनी बंगळूरला पोचते. तोवर दुपार उलटलेली असते. त्या दिवशी कचेरीचे काम होत नाही. म्हातारी माणसे आणि लोणच्याच्या बरण्या बरोबर असतील तर मात्र हीच सोयीची. मल्लेश्वरम, राजाजीनगर, पीण्याला जायचे असेल तर यशवंतपूरलाच उतरा, शेजारी मेट्रो आहे.

रात्रीच्या गाडीला दहा-अकरा तास लागतात, पण ते झोपेतले. सकाळी दहाला विधानसौधात कागद द्यायचा असेल तर आमचा कौल हिला. काम येलहंका किंवा हेब्बाळकडे असेल तर विमान. इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणाऱ्याने विमानतळापुढचा निम्मा दिवसच गृहीत धरावा, कारण सगळे शहर ओलांडावे लागते.

एटीआरमधले वरचे कप्पे अरुंद असतात. कडक ट्रॉली मावली नाही तर शिडीपाशीच टॅग लावून सामानात जाते. लॅपटॉप, औषधे, दागिने वेगळ्या पिशवीत ठेवा.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली आले की विमाने खोळंबतात किंवा दुसरीकडे वळवतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे धुके देवनहळ्ळीला. पुढे परदेशी विमान असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरे तिकीट बुडते आणि कंपनी हात वर करते.

निपाणीकरांचे गणित निराळे: त्यांना कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सांबऱ्यापेक्षा जवळ. आपल्या तारखेला तिथून बंगळूरचे विमान आहे का, एवढे आधी पाहावे.