केस स्टडी की सर्व्हे?

कंपन्यांच्या गतिशील क्षमतांवर, म्हणजे बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या ताकदीवर, पीएचडी करणारी एक मैत्रीण या दोन पद्धतींत अडकली आहे.

सर्व्हे लवकर उरकतो, हा समज फसवा आहे. वरिष्ठ अधिकारी प्रश्नावली सहजासहजी भरत नाहीत, पाठपुराव्यात महिने जातात. केस स्टडीत कंपनीत शिरकाव मिळवणंच अवघड.

खरा फरक हाती काय लागतं यात आहे. टीस, पिसानो आणि शुएन या व्यवस्थापन अभ्यासकांच्या १९९७ च्या मांडणीत प्रश्न असा: परिस्थिती बदलते तेव्हा कंपनी आपली कौशल्यं नव्यानं कशी जुळवते? सर्व्हेत "आम्ही बदल लवकर ओळखतो" यापुढे १ ते ७ मधला आकडा निवडला की ते 'कसं' निसटतं. शिवाय क्षमता आणि कामगिरी दोन्ही एकाच व्यवस्थापकानं सांगितली, तर त्यांच्यातला संबंध फुगून दिसू शकतो. केस स्टडीतल्या मुलाखतीत मात्र बंद पडलेल्या प्रकल्पातली माणसं पुढे कुठे कामाला लागली, हेही कळतं, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

केस स्टडीच्या अभ्यासक आयझेनहार्ट यांनी १९८९ मध्ये ४ ते १० केसेस सुचवल्या. तेवढ्यावरून अख्ख्या उद्योगाबद्दल बोलता येत नाही.

क्षमता घडते कशी, हे शोधायचं असेल तर केस स्टडी घ्या. क्षमता मोजण्याची मोजपट्टी तयार असेल आणि क्षमतेचा नवोन्मेषावरचा परिणाम तपासायचा असेल तर सर्व्हे. मात्र कामगिरीचे आकडे व्यवस्थापकाला न विचारता कंपनीच्या आर्थिक अहवालांतून घ्या.