घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम की पशुवैद्याचं मेलोक्सिकॅम? दुखणाऱ्या कुत्र्यासाठी निवड करताना

कुत्रा लंगडायला लागतो, जिना चढताना थबकतो, उचलून घेतलं की कण्हतो. दवाखाना बंद असतो आणि घरातल्या औषधांच्या डब्यात क्रोसिन किंवा डोलो, कॉम्बिफ्लॅम, डिस्प्रिन, व्होव्हेरान, एखादी मेफ्टल पडलेली असते. मग प्रश्न येतो, यातली कोणती आणि किती द्यायची?

निर्णय आधी सांगते, कारणं नंतर. कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, व्होव्हेरान, मेफ्टल, नॅप्रोक्सेन यांतलं काहीही कुत्र्याला देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही, पेढ्यात लपवूनही नाही. पॅरासिटामॉल (क्रोसिन, डोलो) फक्त तेव्हाच, जेव्हा पशुवैद्याने फोनवर का होईना, वजन विचारून मात्रा सांगितली आहे. आणि दुखणं दोन-चार दिवसांच्या पुढे जाणार असेल, तर कुत्र्यांसाठी ठरलेलं औषध, कुत्र्याच्या मात्रेत.

आयबुप्रोफेनचा गट: इथे तुलनाच नाही

आयबुप्रोफेन, म्हणजे ब्रुफेनमधलं औषध, सूज कमी करतं, पण त्याच वेळी जठराच्या अस्तराचं रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिन्सही दाबतं. माणसाला यात बरीच मोकळीक मिळते, कुत्र्याला फार थोडी. त्याच्या शरीरात हे औषध पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं आणि परत शोषलं जातं, म्हणजे एकाच गोळीचा मारा आतड्यावर पुन्हा पुन्हा होतो. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी ५ किलोच्या पोमेरेनियनने खाल्ली तर किलोमागे ८० मिलिग्रॅम झाले. पोटात व्रण पडायला याहून बरंच कमी पुरतं, आणि किलोमागे १०० च्या पुढे मूत्रपिंडं धोक्यात येतात. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला एका गोळीने कदाचित काही दिसणार नाही. धोका नेमका तिथेच आहे, कारण ‘काही झालं नाही’ म्हणून तीच गोळी रोज दिली जाते आणि व्रण आत शांतपणे वाढत राहतो.

कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉलही असतं, म्हणजे एका गोळीत दोन प्रकारची विषबाधा. नॅप्रोक्सेनची गोष्ट आणखी बिकट. माणसाच्या शरीरातून त्याची निम्मी मात्रा अर्ध्या दिवसाच्या आसपास उतरते, कुत्र्याच्या शरीरातून तेवढीच उतरायला सुमारे तीन दिवस लागतात. सकाळ-संध्याकाळ दिलं तर ते नुसतं साठत जातं.

डायक्लोफेनॅक, म्हणजे व्होव्हेरान, कुत्र्याच्या जठराला झेपत नाहीच. शिवाय जनावरांसाठी त्याचा वापर भारतात २००६ पासून बंद आहे. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, आणि कोकणासकट देशभरातलं आकाश रिकामं झालं. पुढे केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली. गिधाडांना न मारणारा पर्याय म्हणून पुढे आलं ते मेलोक्सिकॅम. कुत्र्यांच्या दवाखान्यातही आज हेच सर्रास वापरलं जातं, त्यामुळे खरी तुलना त्याच्याशीच करायला हवी.

घरातली वेदनाशामक जेलसुद्धा याच यादीत धरा. त्यांतल्या बऱ्याच जेलमध्ये डायक्लोफेनॅक असतं, आणि कुत्रा लावलेली जागा चाटणारच. तुमच्या स्वतःच्या गुडघ्याला जेल लावलं असेल तर तेही त्याला चाटू देऊ नका.

पॅरासिटामॉल: डब्यातलं एकमेव, ज्यावर बोलता येतं

पॅरासिटामॉल कुत्र्याला चालतच नाही, असं नाही. पशुवैद्य ते किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम या बेताने, दिवसातून दोन-तीनदा, थोडे दिवस देतात. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल आणि कोडीन एकत्र असलेली गोळी कुत्र्यांसाठी परवाना घेऊन विकली जाते, तीही जास्तीत जास्त पाच दिवसांसाठी. जठर आणि मूत्रपिंडावर ते आयबुप्रोफेनइतकं चढत नाही, ही त्याची जमेची बाजू.

आता हिशोब करून बघा. १६ किलोच्या देशी कुत्र्याला एका वेळी १६० ते २४० मिलिग्रॅम पुरतात. अख्खी डोलो ६५० म्हणजे जवळजवळ तिप्पट. साडेसहा किलोच्या कुत्र्याला तीच गोळी म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम, आणि यकृताची इजा याच मात्रेच्या आसपास सुरू होते. मात्रा आणखी वाढली तर रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तर. यकृत आधीच दुखावलेलं असेल तर पॅरासिटामॉल साध्या मात्रेतही नको. लहान मुलांचं सिरप देणं सोपं वाटतं, पण बिनसाखरेच्या सिरपमध्ये झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य असू शकतं, आणि ते कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली आणतं.

एक मर्यादाही आहे. पॅरासिटामॉल सूज फारशी उतरवत नाही. सांध्याच्या जुन्या दुखण्यात एकट्या पॅरासिटामॉलने कुत्रा मोकळा चालेल, अशी अपेक्षा धरू नका.

घरात मांजर असेल तर स्ट्रिप कपाटात बंद करा. मांजरीच्या यकृताला पॅरासिटामॉल नीट मोडता येत नाही, आणि एकच गोळी तिचा जीव घेऊ शकते.

डिस्प्रिन

डिस्प्रिनमधलं ॲस्पिरिन पूर्वी पशुवैद्यही देत असत. आज ते मागे पडलंय ते योग्यच आहे. जठरावर ओरखडे पडतात, आणि ज्या प्लेटलेट्सवर त्याचा परिणाम होतो त्या मरेपर्यंत रक्त गोठवायच्या कामाच्या राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना चांगलं औषध लगेच सुरू करता येत नाही, बऱ्याचदा आठवडाभर थांबावं लागतं. एका रात्रीच्या आरामासाठी हा फार महाग सौदा आहे.

आधी हे बघा: दुखणं आहे की गोचिडाचा ताप?

आपल्याकडच्या हवेत हा मुद्दा औषधाच्या निवडीइतकाच मोठा आहे, आणि तो सर्वांत जास्त विसरला जातो. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांतून येणारे आजार महाराष्ट्रात सर्रास दिसतात. एर्लिकियामध्ये सांधेही दुखतात. कुत्रा मलूल होतो, पाय आखडतो, आणि आपल्याला वाटतं मुरगळलं असेल. या आजारांत प्लेटलेट्स खूप उतरलेल्या असतात. अशा वेळी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन दिलं तर नाकातून, हिरड्यांतून, आतड्यातून रक्तस्राव सुरू होऊ शकतो. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधा. सापडलं किंवा नाही सापडलं, तरी ताप आणि लंगडणं एकत्र असेल तर गोळीआधी रक्ततपासणी.

तापाबद्दल आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. अंग गरम लागलं, नाक कोरडं दिसलं, म्हणून क्रोसिन देणारे लोक कितीतरी वेळा ठणठणीत कुत्र्याला औषध पाजत असतात. तापमान गुदद्वारातच मोजायचं.

पशुवैद्याकडची औषधं: मेलोक्सिकॅम आणि कारप्रोफेन

ही दोन्ही आयबुप्रोफेनच्याच घराण्यातली आहेत, आणि ती निरुपद्रवी आहेत असं मी म्हणणार नाही. फरक इतकाच की त्यांची मात्रा, कालावधी आणि दुष्परिणाम कुत्र्यांवर अभ्यासलेले आहेत.

मेलोक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि नंतर रोज एकदा ०.१ मिलिग्रॅम या बेताने देतात. पातळ स्वरूपात मिळतं, लहान कुत्र्याला मोजून देता येतं, म्हणून पोमेरेनियन किंवा पगसाठी मला हेच सोयीचं वाटतं. मात्र मेडिकलमधून माणसांची मेलोक्सिकॅम आणायची चूक करू नका. ती ७.५ आणि १५ मिलिग्रॅमची असते, आणि १५ किलोच्या कुत्र्याला रोज लागतात दीड मिलिग्रॅम. गोठ्यातलं गुरांचं औषध अंदाजाने पाजणं तर त्याहून वाईट.

कारप्रोफेन दिवसाला किलोमागे सुमारे ४.४ मिलिग्रॅम, एकदा किंवा दोनदा विभागून. मोठ्या, वयस्कर कुत्र्याच्या सांधेदुखीत याचा अनुभव जगभर दांडगा आहे. क्वचित काही कुत्र्यांच्या यकृताला ते अचानक बाधतं, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर काही आठवड्यांनी यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्यावी. त्या तपासणीचे पैसे वाचवू नका असं कळकळीने सांगते. म्हाताऱ्या कुत्र्याचं मूत्रपिंड वरून दिसत नाही.

दोन्हींची पथ्यं सारखीच. खाल्ल्यावर द्यायचं. उलट्या-जुलाब होत असतील किंवा पाणी पीत नसेल तर थांबवायचं. खाजेसाठी प्रेडनिसोलोन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण स्टेरॉइड आणि ही औषधं एकत्र आली की जठराला भोक पडू शकतं. काळी, डांबरासारखी शी दिसली तर पुढची मात्रा न देता फोन करायचा.

ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाकडून फार आशा ठेवू नका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संधिवात झालेल्या कुत्र्यांमध्ये त्याचा उपयोग दिसला नाही, कारप्रोफेनचा दिसला. गॅबापेंटिन हे माणसांचं औषध असूनही पशुवैद्य जोडीला देतात, विशेषतः मणक्याच्या दुखण्यात. ते देणं त्यांच्यावर सोडा.

रात्र काढायची असेल तर

फिरणं बंद, जिना बंद, उड्या बंद. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका. ताजी सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. पाय टेकतच नसेल, मागचे पाय ओढत असेल किंवा पोट फुगलेलं असेल तर सकाळची वाट बघू नका. मुंबईत परळचं बैलघोडा हे प्राण्यांचं रुग्णालय, इतरत्र जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, किंवा १९६२ हा टोल फ्री क्रमांक.

गोळी आधीच पोटात गेली असेल तर पहिले दोन तास मोलाचे. डॉक्टर उलटी करवू शकतात. तुम्ही मिठाचं पाणी पाजू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट उभं राहतं. स्ट्रिप सोबत न्या, किती गोळ्या कमी आहेत ते मोजून ठेवा, आणि कुत्र्याचं वजन सांगा.

वर्षभर चालणारं दुखणं असेल तर

लॅब्रॅडॉरच्या भावंडांवर झालेल्या एका अभ्यासात, २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं होतं. ती सरासरी सुमारे १.८ वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखी उशिरा आली. म्हणून गोळी सुरू करतानाच पोळ्या, बिस्किटं आणि ताटातले घास कमी करा, महिन्याला वजन करा, आणि वजन उतरल्यावर औषधाची मात्रा खाली आणता येईल का ते डॉक्टरांना विचारा.