हंपीचा ‘प्रायव्हेट’ गाईड आणि माझे २७,९४० रुपये

आधीच सांगतो, मी भोळाभाबडा माणूस नाही. बावीस वर्षं पतसंस्थेत वसुलीला आहे. हप्ता चुकवणारा दारात उभा राहिला की तो आज सासऱ्याचं आजारपण सांगणार की ऊस तुटला नाही म्हणणार, हे मला तोंड उघडायच्या आत कळतं. निदान तसा माझा समज होता. हंपीहून आल्यापासून बायको या समजाची दिवसातून एकदा तरी आठवण करून देते.

दोन महिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, ऑफिसात तर नाहीच. पण परवा शेजारचे काका म्हणाले, “आम्ही पण हंपीला निघालोय, एक मराठी गाईड सापडलाय, फार गोड बोलतो,” आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हणून लिहितोय.

हंपीला जायचं आईसाठी. वय ७१, गुडघे गेलेले, पण एकच ध्यास. कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी तो परत आणला, ही कथा ती लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलेली. “विठ्ठल जिथं जाऊन राहिला ती जागा एकदा बघू दे रे.” आता हंपी म्हणजे एक देऊळ नव्हे. मैलोन् मैल पसरलेल्या धोंड्यांच्या डोंगरांत विजयनगरच्या राजधानीचे अवशेष विखुरलेत. विठ्ठल मंदिर एका टोकाला, राजवाड्याचा भाग दुसरीकडे, संग्रहालय कमलापूरला. आईला घेऊन ऊन्हातान्हात चुकतमाकत कुठे हिंडणार? म्हणून प्रायव्हेट गाईड घ्यायचं ठरवलं. यात माझं काय चुकलं ते अजून कुणी मला सांगावं.

मोबाईलवर एक पेज सापडलं. ‘मराठी कुटुंबांसाठी खास प्रायव्हेट टूर’. फोन केला तर पलीकडून पहिला शब्द “राम कृष्ण हरी, माउली.” स्पीकर चालू होता, आई शेजारी बसलेली. तिथेच आमचा निकाल लागला म्हणा ना.

दोन दिवसांची टूर, पाच माणसं, १८,५०० रुपये. गाडी, गाईड, नदीतली टोपलीसारखी गोल होडी, पलीकडचं आनेगुंदी, सगळं त्यात. प्रवेश तिकिटं वेगळी. निम्मे म्हणजे ९,२५० आगाऊ. मी यूपीआयने पाठवले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. मी विचारलं. तो म्हणाला, “भावाचं खातं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली.” हेच उत्तर माझ्या कर्जदाराने दिलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. पण मी पिन टाकला. चार दिवसांनी “आजींना त्रास नको, मोठी गाडी करतो” म्हणून आणखी ३,०००. तेही त्याच दुकानाच्या खात्यावर.

मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेसने होसपेटला रात्री उतरलो. सकाळी साहेब हजर. गळ्यात ओळखपत्र होतं, पण शर्टाच्या खिशात खोचलेलं, नुसती निळी दोरी दिसत होती. ती बाहेर काढून बघायला मला लाज वाटली. तुम्ही लाजू नका. सरळ मागा, फोटो आणि चेहरा जुळवा, नंबर लिहून घ्या. खऱ्या गाईडला त्याचा राग येत नाही, हे मला नंतर एका खऱ्या गाईडनेच सांगितलं. मोठी गाडी म्हणून जी आली तिच्या मागच्या सीटचा स्पंज बाहेर लोंबत होता. एसीचं बटण होतं, एसी नव्हता.

आता तो क्षण. रात्री डोळा लागत नाही तो याच्यामुळे.

विठ्ठल मंदिराची तिकीट खिडकी. रांग, ऊन, आई छत्री धरून कठड्यावर टेकलेली. त्याने नुकतीच भानुदासांची गोष्ट रंगवून सांगितली होती, मूर्ती लहान होऊन पडशीत कशी बसली वगैरे, आणि आईचे डोळे भरून आलेले. तेवढ्यात तो म्हणाला, “साहेब, तिकीट सहाशे रुपये. तिन्ही ठिकाणी चालतं. छोट्याला पंधराच्या आत म्हणून फुकट. चौघांचे चोवीसशे द्या, मी रांगेत जातो.” मी म्हटलं, सहाशे? तर त्याने बोट करून मला बोर्ड दाखवला! “बघा ना, लिहिलंय.” मी बघितलं. ६०० लिहिलेलं होतं. दिसलं, पटलं, पैसे काढून दिले.

त्याच्या वरच्याच ओळीत ४० लिहिलेलं होतं. भारतीय ४०, विदेशी ६००. मी वाचलं नाही. माझा चष्मा डोळ्यावर होता, बोर्डवर हिंदी होतं, इंग्रजी होतं, अक्षरं हातभर. मी फक्त त्याचं बोट होतं तेवढंच वाचलं. रोज लोकांच्या कर्जाच्या कागदावरचा बारीक मजकूर वाचणारा माणूस मी. आणि तिन्ही ठिकाणी चालतं ही त्याची मेहेरबानी नव्हे. चाळीसचंच तिकीट त्याच दिवशी विठ्ठल मंदिर, कमल महालाचा जनाना भाग आणि कमलापूरचं संग्रहालय असं चालतं. पोराचं फुकट तेही नियमानेच. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये एक खोटी सरकवायची, ही त्यांची पद्धत. तिथला दगडी रथ ज्या पन्नासच्या नोटेवर छापलाय, ती एक नोट मी स्वतः खिडकीत सरकवली असती तर तिकीट येऊन वर दहा रुपये परत मिळाले असते.

तिकिटंही त्याने आमच्या हातात दिली नाहीत. “माझ्याकडेच राहू द्या, पुढे दाखवायची आहेत.” तिकीट आपल्या हाताने काढा. कितीही रांग असो.

आत गेल्यावर तो म्हणाला रथ एका अखंड दगडातून कोरलाय. तो जोडकाम आहे, सांधे नुसत्या डोळ्यांना दिसतात. हे धोंडे भूकंपात डोंगर फुटून पडले म्हणाला. तेही खोटं. ग्रॅनाईटला मुळातच भेगा होत्या, ऊन-पावसाने कोट्यवधी वर्षं त्या झिजत गेल्या आणि मूळ जागीच हे गोल धोंडे एकावर एक उरले. किष्किंधा, वाली-सुग्रीव यांच्या गोष्टी सांग, आम्हाला आवडतात, पण भूकंप कुठून आणला? मग म्हणाला, विजयनगर पडलं १६५६ ला. माझा मुलगा सातवीत आहे. तो हळूच म्हणाला, “बाबा, १५६५ ना? तालिकोटची लढाई.” मी त्याला गप्प केलं. “मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.” पोराला सगळं कळत होतं आणि बाप त्याला दटावत होता. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण हे वाक्य जास्त टोचतं.

पुढे संगीत खांब. सभामंडपात ५६ खांब, ठोकले की सूर येतात अशी ख्याती. लोकांनी ठोकून ठोकून खराब केले म्हणून आता हात लावायला बंदी आहे. हे मला माहीत होतं. तरी तो म्हणाला, “वॉचमन आपला आहे, दोन हजारात ऐकवतो, आजींसाठी.” दिले. आम्हाला एका कोपऱ्यात नेलं, इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच्या मोबाईलवर व्हिडिओ लावला. “हा बघा, याच खांबाचा आवाज.” मी भडकलो तर म्हणतो, “आज साहेब राऊंडला आलेत, उद्या पक्कं.” बंदी असलेली गोष्ट पैसे देऊन करायला निघालो ही माझी चूक, मान्य. पण ते दोन हजार काही परत मिळाले नाहीत.

हे सगळं होऊनसुद्धा संध्याकाळी मी त्याला उरलेले ९,२५० दिले. का? हेमकूट टेकडीवरून सूर्यास्त फार सुंदर दिसला, आई खूश होती, आणि तो म्हणाला, पहाटे मातंग टेकडीला निघायचं, गाडीत रात्रीच डिझेल भरावं लागेल, होडीवाल्यालाही आगाऊ पाहिजे. उरलेले पैसे शेवटच्या दिवशी गाडीतून सामान उतरल्यावर द्यायचे. त्याआधी कुणाचा बाप आला तरी नाही.

पहाटे पाचला आम्ही लॉजच्या पायरीवर. साडेपाच. सहा. फोन बंद. आठ वाजता ड्रायव्हर आला, तोही पैसे मागायला. “सार, निन्ने दुड्डू,” म्हणजे कालचे पैसे. त्याला दमडी मिळाली नव्हती. तो बिचारा गाईडला एक दिवस आधीच भेटलेला. माझ्याशी भांडला असता तरी चाललं असतं, पण तो नुसता उभा राहिला. २,२०० दिले. आम्ही तिथे बसलेलो असताना मुलीने तिकीट खिडकीसमोरचा आमचा फोटो मोठा करून बघितला. तो फोटो गाईडनेच काढलेला, “मलाही पाठवा” म्हणून मागूनही घेतलेला. आमच्या डोक्यांच्या मागे बोर्ड. ४० आणि ६००. स्वच्छ.

हिशेब असा: ९,२५० अधिक ३,०००, अधिक २,४००, अधिक २,०००, अधिक ९,२५०, अधिक ड्रायव्हरचे २,२००. एकूण २८,१००. चार तिकिटांचे १६० रुपये तेवढे खरे, ते वजा. २७,९४०.

आता सरकारी खात्यांकडे वळतो, आणि इथे माझा तोल जातो, आधीच माफी मागतो. तिथल्या एका चौकीत गेलो. साहेब बंदोबस्तावर. दोन तास बसवलं. मग विचारलं, नाव काय त्याचं? मी सांगितलं ते नाव. आडनाव? माहीत नाही. पत्ता? माहीत नाही. “मग तक्रार कुणाच्या विरुद्ध लिहू?” म्हटलं, फोन नंबर आहे, यूपीआयचा व्यवहार आहे, फोटो आहे. “आगाऊ पैसे कुठून पाठवले? तुमच्या गावाहून? मग गुन्हा तिकडे घडला.” पर्यटनवाल्यांच्या कार्यालयात गेलो. भिंतीवर अधिकृत गाईडांची फोटोसह यादी. मी पूर्ण बघितली, हा त्यात नाही. टेबलावरच्या माणसाचा चेहरा उजळला. “यादीत नाही ना? म्हणजे तो आमचा गाईडच नाही. मग आमचा काय संबंध?” अरे बाबा, यादीत नसलेला माणूस दोरी घालून तुमच्या डोळ्यांदेखत लोकांना फिरवतो, तोच तुमचा संबंध! यादीत असता तर मी इथे आलोच कशाला असतो? त्यावर त्याने मला माहितीपत्रक दिलं. चकचकीत, रंगीत. फुकट.

गावी आलो. आमच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, माणूस तिकडचा, घटना तिकडची, तिकडे जा. मी म्हटलं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हवालदार म्हणाले, “वकील आहात का?” नाही. “मग बसा.” बसलो. शेवटी अर्जावर आवक शिक्का मारून दिला. शिक्का म्हणजे गुन्हा नोंदवला नव्हे, हे मला अकरा दिवसांनी कळलं. बँकेने लिहिलं की व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला आहे, सबब यशस्वी. यशस्वी! शब्द बघा. २७,९४० साठी हा कशाला एवढा ओरडतोय, असं प्रत्येक टेबलापलीकडच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. कर्जदाराचा तीनशेचा हप्ता थकला तर मी नोटीस काढतो, आणि इथे मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन मी तिसऱ्या दिवशी केला. तो पहिल्या तासात करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा, तोच विचारतात. रोख दिलेल्या पैशांचा तर पुरावाच नाही, म्हणून रोख देऊच नका, आणि दिलेच तर समोरच्याचा फोटो काढा. त्याला राग आला तर येऊ दे.

दुसरा दिवस आम्ही वाया घालवला नाही, हे लिहायला पाहिजे. होसपेटहून सरकारी बसने हंपीला गेलो. विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते ती एका पुजाऱ्याने पोराला दाखवली, बारीक भोकातून उजेड आल्यामुळे असं होतं हेही सांगितलं, आणि पैसे मागितले नाहीत. मी दहा रुपये दिले तर म्हणाला, पेटीत टाका. आईने त्या माणसाला वाकून नमस्कार केला.

गेल्या आठवड्यात मुलीला ते पेज पुन्हा दिसलं. नाव बदललंय, नंबर बदललाय. पहिलाच फोटो आमचा आहे. आई मधोमध, छत्री हातात, हसतेय. वर लिहिलंय, ‘महाराष्ट्रातून आलेलं समाधानी कुटुंब’. फोटो वरून कापलाय, मागचा बोर्ड तेवढा दिसत नाही. आम्ही तक्रार केली. नियमांचं उल्लंघन आढळलं नाही, असं उत्तर आलं.