दात व्हाइटनिंग : रंग मस्त आला, पण सणकेबद्दल आधी कोणी बोललंच नाही

ठाण्यातल्या एका क्लिनिकमध्ये मागच्या महिन्यात व्हाइटनिंग करून घेतलं, नाव लिहीत नाही कारण डॉक्टरांचा हात खरंच चांगला आहे, राग आहे तो एकाच गोष्टीचा.

दिवसाला चार-पाच कप चहा, त्यामुळे पुढचे दात पिवळट झालेले. आधी क्लिनिंग केलं, शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगछटांची पट्टी, लावून बघितलं तर ए३ (ए गटात ए१ सगळ्यात फिकट, आकडा वाढला की रंग गडद). मग हिरड्यांवर निळी पेस्ट लावून ती लाइटने कडक केली, म्हणजे जेल लागून हिरडी भाजू नये, आणि वरून ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल, १५ मिनिटांचे ३ राउंड. दोन राउंड काहीच वाटलं नाही, तिसऱ्यात खालच्या सुळ्यातून अशी सणक गेली की मी हात वर केला, तर असिस्टंट म्हणाली "झालंच ताई, थोडंसंच राहिलंय". इथे थांबायला पाहिजे होतं त्यांनी.

रात्री तर वाईट हाल. पाणी सोडा, पंख्याची हवा तोंडात गेली तरी कळ, सेकंदभराचीच पण परत कधी येईल सांगता येत नाही. फोन केला तर "नॉर्मल आहे, दोन दिवसांत जाईल". नॉर्मल आहे हे खरंय, पेरॉक्साइड दाताचं वरचं कवच (एनॅमल) आणि त्याखालचा थर (डेंटिन) यांतून काही मिनिटांत आतल्या नसेपर्यंत पोचतं, बहुतेकांना थोडीफार सणक येतेच. मग हे खुर्चीत बसवायच्या आधी का नाही सांगत? बाकीचे दात दोन दिवसांत शांत झाले, सुळ्याला आठवडा लागला, कारण तिथली हिरडी खाली सरकलीये आणि मूळ उघडं आहे, हे क्लिनिंग करताना त्यांना दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

माझी मावसबहीण डेंटिस्ट आहे, ती म्हणाली की पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दोन आठवडे आधीपासून वापरायला हवी होती. आता रात्री बोटाने दातावर लावून तशीच ठेवते, त्याने फरक पडला.

रंगाचं खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी दात एकदम पांढरेशुभ्र, पण तेव्हा ते कोरडे पडलेले असतात म्हणून तसे दिसतात, आठवड्याने थोडे उतरून ए१ वर थांबले, मला तेवढे पुरेत. दोन दिवस चहा, हळद, बीट बंद, दहीभात आणि इडलीवर काढले.

आणि हो, पुढच्या दातातलं जुनं फिलिंग होतं तसंच पिवळं राहिलं कारण फिलिंग आणि कॅपवर जेल चालत नाही, आता ते जास्तच दिसतंय. व्हाइटनिंगनंतर ते लगेच बदलता येत नाही, नवीन मटेरियल नीट चिकटत नाही म्हणून दोन आठवडे थांबले, गुरुवारची अपॉइंटमेंट आहे, बहिणीकडेच घेतलीये.