पुणे-नाशिक रस्ता: नव्या बायपासने जावं की जुन्या रस्त्यानेच?

भोसरी, मोशी, चिखलीत राहणाऱ्या आणि गाव खेड, आंबेगाव किंवा जुन्नर तालुक्यात असणाऱ्या माणसांना हा प्रश्न दर शनिवारी पडतो. आता तर रोज ये-जा करणाऱ्यांनाही पडायला लागलाय. राजगुरुनगर, खेड घाट, मंचर, नारायणगाव या सगळ्यांना बगल देणारे रस्ते गेल्या काही वर्षांत एकेक करून खुले झाले. खेड घाटाचा आणि नारायणगावचा बायपास २०२१ च्या पावसाळ्यात सुरू झाला, बाकीचे त्यानंतर. जुना रस्ता मात्र जागच्या जागी आहे, गावांच्या मधून जातो, आणि त्यावर रोजची वर्दळही आहे. म्हणजे निवड खरीच करावी लागते.

माझं मत आधीच सांगतो. चारचाकीने नारायणगावच्या पुढे जायचं असेल तर बायपास, त्यात दुसरा विचार नको. दुचाकी असेल आणि अंधार पडला असेल तर पुन्हा विचार करा. आणि मंचर-राजगुरुनगरहून रोज चाकण किंवा पिंपरी-चिंचवडला कामावर यायचं असेल, तर बायपासने तुमचा प्रश्न अर्धाच सोडवलाय हे लक्षात ठेवा. उरलेला अर्धा चाकणमध्ये उभा आहे.

घाट गेला, ही साधी गोष्ट नाही

जुना खेड घाट ज्यांनी चालवलाय त्यांना बायपासची किंमत समजावून सांगायला नको. दोनच लेन, आंधळी वळणं, चढावर पहिल्या गिअरमध्ये कण्हत जाणारे मालट्रक. एखादा ट्रक वळणावर बंद पडला की दोन्ही बाजूंची वाहतूक ठप्प. मग मागून कोणीतरी घाई करून दुसरी रांग लावायचा, समोरून येणाऱ्याची वाट अडायची, आणि क्रेन यायलाच जागा उरायची नाही. श्रावणात भीमाशंकरची गर्दी, दिवाळीत गावाकडची गर्दी, मे महिन्यात लग्नसराई. अशा दिवसांत घाटात किती वेळ जाईल याचा अंदाज कोणी बांधतच नसे. आजारी माणसाला पुण्याला हलवायचं म्हटलं की घरच्यांना पहिली धास्ती घाटाची असायची.

बायपासने ही धास्ती काढली. दोन्ही दिशांना स्वतंत्र मार्गिका, मध्ये दुभाजक, चढ सौम्य. ट्रक अजूनही हळू चढतात, पण त्यांना ओलांडायला समोरच्या गाडीचा जीव धोक्यात घालावा लागत नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा वाचलेल्या मिनिटांचा नाही, भरवशाचा आहे. मंचरहून निघताना राजगुरुनगर कधी येईल हे आता बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. दवाखान्याची वेळ, मुलाखत, मुलांची परीक्षा असणाऱ्याला हा भरवसा लाखमोलाचा आहे.

राजगुरुनगर गावातून जाताना भीमेवरचा पूल, एसटी स्टँड आणि पाबळ रस्त्याचा चौक ही तीन ठिकाणं ओलांडावी लागतात. नारायणगावात स्टँड, जुन्नरकडे वळणारी वाहनं आणि टोमॅटोच्या हंगामात बाजाराकडे निघालेल्या पिकअपच्या रांगा. मंचरचंही तेच. प्रत्येक गावात थोडा थोडा वेळ जायचा आणि क्लच दाबून पाय भरून यायचे. ते आता टळतं. गावांनाही ते हवंच होतं. शाळेच्या पोरांनी नाशिकच्या ट्रेलरपुढून रस्ता ओलांडायचा, हे कोणत्याही गावाने का सोसावं?

पण गाडी चालवण्याची रीत बदलते

जुन्या रस्त्यावर तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये असता, नजर जवळ असते, गतिरोधक आणि माणसं तुम्हाला जागं ठेवतात. बायपासवर रस्ता सरळ, मोकळा. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारीला केंद्राच्या नियमाने ताशी १०० किलोमीटरपर्यंत आणि दुचाकीला ८० पर्यंत परवानगी आहे. ती कमाल मर्यादा आहे. वळणांवर, उतारावर फलक कमी वेग सांगतात, तोच पाळायचा. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. पुढे काहीतरी उभं आहे हे दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या त्या एक-दीड सेकंदात तुम्ही तीस-चाळीस मीटर गेलेले असता, आणि गाडी थांबायला सुरुवात त्यानंतर होते.

हे सांगण्याचं कारण बायपासवर काय काय उभं असतं ते. ऊसतोडणी सुरू झाली की भीमाशंकर आणि विघ्नहर कारखान्यांकडे जाणारे ट्रॅक्टर याच पट्ट्यात फिरतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यावर रुंदीबाहेर आलेला ऊस, मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला. त्यांचा वेग वीस-पंचवीस, तुमचा नव्वद. त्याशिवाय शेतावर जाणारा दुचाकीस्वार पुढच्या कटपर्यंतचा वळसा वाचवायला दुभाजकाच्या कडेने उलट दिशेने येतो. त्याचं शेत रस्त्याने दोन भागांत कापलं गेलंय, वळसा लांब पडतो, हे मला कळतं. तरीही अंगावर येणाऱ्या त्या एका दिव्याने होणारा अपघात टळत नाही. गावांच्या तोंडाशी सर्व्हिस रोड आणि भुयारी मार्ग जिथे कमी पडतात, तिथे ते झालेच पाहिजेत, आणि ही मागणी गावकऱ्यांइतकीच आपल्यासारख्या जाणाऱ्या-येणाऱ्यांनीही लावून धरायला हवी.

नारायणगावजवळ १७ जानेवारी २०२५ ला याच महामार्गावर प्रवासी गाडीला मागून टेम्पोने धडक दिली, ती गाडी उभ्या एसटीवर जाऊन आदळली आणि नऊ माणसं गेली. म्हणून मोकळ्या महामार्गावर गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे पार्किंग लाइट लावा, माणसांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे न्या, आणि मगच फोन काढा. महामार्गाची मदत १०३३ वर मिळते, रुग्णवाहिका १०८ वर.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं

दिवसा बायपास दुचाकीलाही सोयीचा आहे, डावीकडची कडा धरून चालवा. रात्री मात्र मी जुना रस्ता सुचवेन, निदान गावांजवळच्या टप्प्यांत. बायपास उसाच्या शेतांतून जातो, गावांतून जाणाऱ्या रस्त्यासारखा उजेड तिथे नाही, आणि पंक्चर झालं तर मदतीला दुकान नाही. दुसरं कारण बिबट्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि इथला बिबट्या डोंगरात कमी, उसात जास्त राहतो. उसात तो पिल्लं वाढवतो, भटकी कुत्री आणि डुकरं खातो आणि अंधारात रस्ता ओलांडतो. या महामार्गावर गाडीखाली येऊन बिबटे मेले आहेत. मोटारीला धडक बसली तर जनावर जातं, दुचाकीला बसली तर माणूसही जातो. संध्याकाळी आणि पहाटे उसाच्या पट्ट्यातून जाताना वेग कमी ठेवा. बिबट्या जखमी दिसला तर जवळ जाऊ नका, फोटोसाठी थांबू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पावसातही दुचाकीचं गणित बदलतं. मोकळ्या माळावर वारा आडवा लागतो आणि ट्रकच्या मागून उडणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात समोरचं काही दिसत नाही.

खरा प्रश्न चाकणचा

आता मुद्द्याचं. बायपास सुरू झाल्यावर मंचर ते राजगुरुनगर हा टप्पा झपाट्याने पार होतो. त्यामुळे होतं काय, की पूर्वी घाटात आणि गावांत विखुरलेली वाहनं आता एकत्र, वेगाने चाकणला येऊन पोहोचतात. घाट पूर्वी वाहतूक गाळून थोडी थोडी खाली सोडायचा. तो अडसर गेला आणि सगळा भार आंबेठाण चौक, तळेगाव चौक आणि पुढे मोशीपर्यंतच्या रस्त्यावर पडला. नाशिककडून येणारी मोटार, एमआयडीसीतून निघणारे कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावरची अवजड वाहनं, या सगळ्यांची गाठ त्याच चौकांत पडते.

पुण्याहून चाकण साधारण ३० किलोमीटर, राजगुरुनगर ४० च्या थोडं पुढे, मंचर ६० च्या आसपास, नारायणगाव ७५. कागदावर नारायणगावच्या प्रवासात चाकणपर्यंतचा टप्पा अर्ध्याहूनही कमी. गर्दीच्या वेळी मात्र अर्ध्याहून जास्त वेळ तोच खातो. म्हणून बायपास की जुना रस्ता यापेक्षा 'चाकण किती वाजता ओलांडायचं' हा प्रश्न आधी सोडवा. पहाटे सहाच्या आत चाकण मागे टाकलंत तर अख्खा प्रवास सुखाचा. सकाळच्या शिफ्टच्या वेळी किंवा संध्याकाळी पाचनंतर सापडलात, तर घाटात वाचवलेला वेळ इथे परत द्यावा लागतो. दुपारी तीन-साडेतीनला शिफ्ट बदलते, हे बाहेरचे लोक हमखास विसरतात. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे येत असाल तर जेवण मंचरलाच उरका आणि उशिरा निघा.

काही जण आळंदी-शेलपिंपळगावमार्गे चाकणला बगल देतात. विश्रांतवाडी, दिघी, आळंदीच्या बाजूला राहणाऱ्यांना तो पर्याय बरा आहे. भोसरी-मोशीकरांना त्यात फारसं हशील नाही. रस्ता अरुंद, आणि एकादशीला किंवा लग्नाच्या दाट तिथीला आळंदीतच अडकायला होतं. वारीच्या दिवसांत तर तो विचारच करू नका.

चाकणवर कायमचा उपाय म्हणून नाशिक फाटा ते खेड (म्हणजे राजगुरुनगर) असा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत रस्ता मांडला गेला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ ऑगस्ट २०२४ ला त्याला मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी रुपये. तो झाला तर चित्र बदलेल. पण असं काम म्हणजे खालच्या रस्त्यावर खांब, बॅरिकेड आणि वळवलेल्या मार्गिका. आज निर्णय घेताना तो रस्ता आहे असं धरून चालू नका.

कुठे उतरायचं ते आधी ठरवा

बायपासवर फाटा चुकला की परत फिरायला बराच पुढे जावं लागतं. भीमाशंकरला घोडेगाव-डिंभेमार्गे जायचं तर मंचरला उतरायचं, वाडामार्गे जायचं तर राजगुरुनगरलाच. ओझर, लेण्याद्री, शिवनेरी, जुन्नर यांसाठी नारायणगाव. माळशेज किंवा नगरकडे जायचं तर सरळ आळेफाटा. नकाशाचं ॲप लावलं असेल तरी गावाच्या नावाचा फलक दिसताच डावीकडच्या मार्गिकेत या. शेवटच्या क्षणी आडवं शिरणं हा इथला मोठा धोका आहे.

एसटीने जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच विचारावं. वाकडेवाडीहून सुटणाऱ्या नाशिकच्या विनाथांबा गाड्या मधल्या स्टँडवर जात नाहीत. साध्या लाल गाड्या गावांतून जातात, वेळ लागतो, पण स्टँडवर उतरवतात. म्हाताऱ्या माणसाला बायपासच्या कडेला पिशव्यांसह उतरवून देणाऱ्या गाडीपेक्षा ती लाल गाडी केव्हाही बरी.

टोलचं थोडक्यात. चाळकवाडीचा नाका नारायणगावच्या पुढे आहे, म्हणजे नारायणगावपर्यंत जाणाऱ्याला तो लागत नाही. आळेफाटा, संगमनेर, नाशिक वारंवार करणाऱ्या खासगी मोटारीला १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास परवडतो. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते.

राहायला तिकडे जावं का?

बायपास झाल्यापासून राजगुरुनगर आणि मंचरच्या जागांच्या जाहिरातींत 'पुण्यापासून इतक्या मिनिटांवर' असं छापून येतं. चाकणमध्ये किंवा त्याच्या उत्तरेला नोकरी असेल तर राजगुरुनगर उत्तम आहे. भाडं शहरापेक्षा कमी, शाळा-दवाखाने जवळ, आणि चाकणचे सगळे चौक ओलांडायची बहुतेकांना गरज पडत नाही. नोकरी भोसरी, पिंपरी किंवा पुण्यात असेल तर मी नको म्हणेन. मंचरहून तर नकोच, कंपनीची बस दारात येत असली तरच विचार करा. घाट नसल्याने मंचर जवळ आल्यासारखं वाटतं, पण रोज दोनदा चाकण पार करणाऱ्या माणसाच्या घरी मुलं झोपल्यावरच तो पोहोचतो. असे संसार मी जवळून पाहिलेत.

तरीही जागा आवडली असेल, तर टोकन देण्याआधी एका सोमवारी तुमच्या कामाच्या वेळेला धरून त्या घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत गाडी चालवा, आणि त्याच संध्याकाळी परत या. ब्रोकर रविवारी सकाळी दाखवायला नेतो. तेव्हा रस्ता मोकळाच असतो.