अभियांत्रिकीचे शुल्क: शाहू महाराज शिष्यवृत्ती की बँकेचे कर्ज?

कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, जागा मिळाल्यावर पालक महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांपैकी एकाची निवड करू पाहतात. परंतु शिष्यवृत्ती फक्त शुल्काचा भार हलका करते, तर कर्जातून वसतिगृह, खाणावळ आणि लॅपटॉपचाही खर्च भागवता येतो.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास खुल्या प्रवर्गातील मुलाला शिक्षण शुल्काच्या ५० टक्के रक्कम मिळते आणि ती परत करावी लागत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की हा मार्ग बंद होतो, म्हणून केवळ मनाजोगत्या शाखेसाठी कोट्याची जागा घेण्यापूर्वी चार वर्षांची ही रक्कम कागदावर मांडून पाहावी. महाविद्यालयाच्या शुल्कपत्रकात विकास शुल्काचा रकाना वेगळा असतो, आणि तो या हिशेबात धरू नये.

कर्जाला उत्पन्नाची अट नाही. बँकांच्या आदर्श योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण आणि स्वतःचा हिस्सा लागत नाही, तर साडेसात लाखांच्या पुढे तारण द्यावे लागते. हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या उचलीपासूनच चढत असते आणि पालकांच्या नजरेतून नेमके हेच सुटते. दरवर्षी १ लाख उचलले आणि सरळव्याजाचा दर १० टक्के धरला, तर पहिला हप्ता येईपर्यंत ४ लाखांवर १ लाख ४० हजार रुपये व्याज साचलेले असते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत विद्यार्थी बसतो का, हे शाखेत आवर्जून विचारावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, परंतु त्यासाठी महाविद्यालय निवडक संस्थांच्या यादीत असावे लागते.

वेळेच्या बाबतीत मात्र कर्ज उजवे ठरते, कारण बँक शुल्क थेट महाविद्यालयाला देते, तर शिष्यवृत्तीचा अर्ज आधी महाविद्यालयाच्या आणि मग विभागाच्या छाननीतून जातो व अनेकदा शैक्षणिक वर्ष सरत आल्यावर पैसे येतात. म्हणून माझ्या मते पात्र मुलाने शिष्यवृत्तीचा अर्ज अगोदर भरावा आणि कर्ज पूर्ण मंजूर करून घेऊन लागेल तेवढेच उचलावे. पात्र मुलीला बहुधा राहण्याखाण्यापुरतेच कर्ज पुरते.

शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो तो बहुधा कागदांवरच. एका वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला चालत नाही. दुसरी गफलत आधारची असते: रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही, ती आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते कधीतरी मोबाईलच्या दुकानात सिमकार्डाबरोबर उघडलेले पेमेंट बँकेचे खाते निघाल्यास पासबुक हातात घेऊन बसलेल्या वडिलांना पैसे आल्याचे कळतच नाही.