एस७-१२०० (सीपीयू १२१४सी): शिस्तीनं लिहिणाऱ्यालाच पावणारा पीएलसी

सांगली-साताऱ्याकडे साखर कारखान्यात एकदा गळीत सुरू झालं की प्रोग्राम आवरायला पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) कोणी थांबवू देत नाही. म्हणून सीमेन्सचा हा सीपीयू घेताना १४ इनपुट नि १० आउटपुट मोजण्याआधी आत प्रोग्रामचे ब्लॉक कसे बसवणार, ते ठरवा.

रसाचा पंप असो की चुन्याचा, साचा एकच: स्टार्ट, स्टॉप, ओव्हरलोड रिले, कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा) फीडबॅक. एकच एफबी (फंक्शन ब्लॉक, पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रामचा तुकडा) लिहायचा. कमांडनंतर ३ सेकंदांत फीडबॅक नाही आला तर ट्रिप. मग तोच एफबी बारा पंपांना बारा वेळा कॉल करायचा. मल्टी-इन्स्टन्स केलं तर सगळ्यांचा डेटा एकाच डीबीत (डेटा ब्लॉकमध्ये) मावतो. त्याऐवजी प्रत्येक पंपाची लॅडर (शिडीसारखी आखलेली लॉजिक) कॉपी-पेस्ट केली की सातव्या पंपात सहाव्याचा एखादा टॅग राहतोच, आणि सातव्याचा स्टॉप दाबला की सहावा बंद पडतो. आउटपुटची कॉइलही (आउटपुट चालू-बंद करणारं लॅडरमधलं चिन्ह) एकाच जागी हवी. ऑटोत एकदा आणि मॅन्युअलमध्ये एकदा लिहिली, तर स्कॅनमधली (प्रोग्रामच्या एका फेरीतली) शेवटची खरी ठरते. ऑटोची लॅडरमधली ओळ हिरवीगार दिसते, पंप मात्र गप्प.

रसाच्या पीएचचा कंट्रोल लूप ओबी१ मध्ये, म्हणजे दर स्कॅनला चालणाऱ्या मुख्य ब्लॉकमध्ये, टाकू नका. पीआयडी-कॉम्पॅक्ट या तयार कंट्रोल ब्लॉकची जागा ओबी३० मध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने चालणाऱ्या ब्लॉकमध्ये. तिथे मूळ वेळ १०० मिलिसेकंद असते, चुन्याच्या व्हॉल्व्हला ५०० सुद्धा चालतात. मॅन्युअलला जाताना कॉल थांबवू नये, ब्लॉकचा मोड बदलावा.

आता उणिवा. १२१४सीवर अॅनालॉग आउटपुट नाही, आणि जे दोन अॅनालॉग इनपुट आहेत ते ०-१० व्होल्टचे. व्हॉल्व्हसाठी एसबी १२३२ बोर्ड लावला तर तो ०-२० मिलिअँपिअर देतो; ४ पासून सुरुवात हवी असेल तर व्हॅल्यू ० ऐवजी ५५३० पासून २७६४८ पर्यंत चढवावी लागते. हे विसरलं की व्हॉल्व्हची सुरुवातीची चाल मेलेली.

एफबीत नवा व्हेरिएबल घालून डाउनलोड केलं की डीबी पुन्हा मूळ व्हॅल्यूंवर येतो, सेटपॉइंट उडतात. आधी स्नॅपशॉट घेऊन चालू व्हॅल्यू स्टार्ट व्हॅल्यूत उतरवाव्यात.

आणि टीआयए पोर्टलची (सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरची) व्हर्जन ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नव्या व्हर्जनमध्ये अपग्रेड केलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही, मग ठेकेदाराच्या लॅपटॉपची वाट बघणं आलं.